मागचं गेट : चालेल, चालणार नाही

सकाळी पावणेसातला मागचं गेट कुरकुरलं आणि मला हायसं वाटलं.

हे गेट कुरकुरतं ते त्याच्या स्प्रिंगमुळे. उघडताना कुणीतरी अंथरुणात आळस द्यावा तसा लांबलचक आवाज येतो आणि मिटताना एकच ठोका पडतो. स्प्रिंगला तेल द्यायचं काम माझ्या यादीत तीन वर्षं आहे. देत नाही. यादीतलं मुद्दाम न केलेलं एवढं एकच काम असेल.

गाळलेला चहा कट्ट्यावर तसाच ठेवून मी गॅलरीत आले. खाली पहिल्या मजल्यावरच्या नानांची सून संगीता डोक्यावर भाताच्या रोपांची पाटी घेऊन गेटातून पलीकडे चालली होती. पाटीतलं पाणी तिच्या मानेवरून निथळत होतं. तिच्यामागे दोघी, त्यांच्यामागे आणखी तिघी. अंगावर निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद, पदर कमरेला खोचलेले. भिंतीपलीकडे नानांची सात खाचरं पाण्यानं भरलेली, चिखल करून सारखी केलेली, आणि त्यात आमची अख्खी इमारत उलटी उभी. माझ्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दिसत होता. संगीतानं पहिल्या खाचरात पाय टाकला आणि इमारत हलली.

आमच्या जांबे गावात लावणी सुरू झाली.

मी मूळची परभणीकडची. आमच्याकडे ज्वारी, कापूस, तूर. पेरायचं आणि वाट बघायची. एका जागी उगवायचं, मग ते उपटून दुसऱ्या जागी पुन्हा लावायचं, हे मला फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातून माहीत होतं. हिंजवडीत नोकरी लागली, काही वर्षं भाड्यानं काढली आणि मग इथं चौथ्या मजल्यावर घर घेतलं. पहिल्याच वर्षी गेटाशी उभी राहून मी नानांना विचारलं होतं, "चांगलं उगवलेलं उपटता कशाला? तिथंच वाढू द्यावं ना."

नाना चिखलात उभे होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी न्हाई का आला, तिकडं उगवून हितं?"

 

इमारत उभी आहे ती नानांच्या जमिनीवर. बिल्डरला जमीन दिली त्याबदल्यात पहिल्या मजल्यावर त्यांना ओळीनं तीन घरं मिळाली. मागची सात खाचरं मात्र त्यांनी दिली नाहीत. "समदंच दिलं आस्तं तर खायाचं काय, लिफ्ट?" असं ते म्हणतात. रोपं मात्र ते अजून रस्त्याकडच्या बाजूला, जुन्या गोठ्याशेजारच्या तुकड्यात टाकतात, कारण तिथली माती उबदार आहे असं त्यांचं मत. म्हणजे रोप पुढे, खाचरं मागे आणि मध्ये आम्ही अठ्ठेचाळीस कुटुंबं. त्यांची पायवाट आमच्या पार्किंगमधून जाते. म्हणून तर मागच्या भिंतीला गेट ठेवलेलं.

ऑफिसात माझं काम बैठकांचं. कोण येणार, काय ठरलं, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहायचं आणि मागे लागायचं. त्यामुळे सोसायटीची सेक्रेटरी मी होणार हे उघड होतं. आल्या आल्या मी ग्रुप नीट लावला. गप्पांचा वेगळा, सूचनांचा वेगळा. पाण्याची वेळ, पार्किंगच्या रेषा, गणपतीचा मंडप कुठे, सगळ्याला पोल. पूर्वी ज्या बैठकीत तीन तास भांडून समोसे संपायचे, तेच काम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर व्हायला लागलं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा आहे.

आणि मग तीन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल आला.

दुसऱ्या मजल्यावर लातूरची पल्लवी राहते. नवरा-बायको दोघंही आयटीत. मुलगी इरा तेव्हा चार वर्षांची. एका संध्याकाळी खेळता खेळता इरा एका बगळ्यामागे मागच्या गेटातून बाहेर पडली. वीस मिनिटं आम्ही सगळे तिला जिन्यांत, गच्चीवर, गाड्यांखाली शोधत होतो. सापडली ती नानांच्या विहिरीच्या काठावर. त्या विहिरीला कठडा नव्हता. पाय आत सोडून बसली होती आणि एकेक खडा पाण्यात टाकत होती. पल्लवी धावत गेली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती, हे मला अजून स्वच्छ आठवतं. तिनं मुलीला उचललं आणि तशीच घरी घेऊन गेली. पुढचे कितीतरी दिवस इरा खाली खेळायला आली नाही.

तिसऱ्याच दिवशी अकोल्याच्या वानखडे काकांचा अर्ज आला. मागचं गेट कायमचं बंद करावं. कमिटीनं दोन पानी टिपण तयार केलं, इंग्रजीत. मी म्हटलं, पोल तरी मराठीत घेऊ, सोपा ठेवू, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्यांनाही कळेल. टिपण ग्रुपवर टाकलं आणि त्याखाली पोल.

मागचं गेट.
चालेल.
चालणार नाही.

इतकंच. आटोपशीर लिहिलं म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जणांनी दाबलं. अडतीस 'चालेल', तीन 'चालणार नाही'. नानांच्या नावापुढे 'चालेल' दिसलं तेव्हा मला भरून आलं. स्वतःच्या वाटेवर पाणी सोडलं म्हाताऱ्यानं, एका लेकरासाठी. मग वाटलं, शेत तरी आता कोण करतंय, सोडणारच असतील. वानखडे काकांचं मात्र 'चालणार नाही'. अर्ज यांचाच आणि नकारही यांचाच! क्षणभर मी अडखळले. पण काकांना उलटं बोलायची सवय आहे, असं म्हणून पुढे गेले. इतिवृत्तात लिहिलं : गेट बंद करण्यास प्रचंड बहुमताने मान्यता. त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

खूण करण्यात एक सुख असतं. ज्यांना यादी करायची सवय नाही त्यांना ते सांगून कळणार नाही.

कुलूप यायला जुलै उजाडला. एका शनिवारी ते बसलं, पितळी, माझ्या तळहाताएवढं. सूचना लिफ्टच्या दारावर चिकटवली. पहिल्या मजल्यावरची माणसं लिफ्ट वापरत नाहीत, हे मला सूचना चिकटवताना सुचलं नाही. किल्लीला मी नेहमीसारखं लेबल लावलं आणि पर्समध्ये ठेवली.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये होते. पावसानं काचा धुरकटलेल्या, बस एकाच जागी उभी. संगीताचा फोन आला.

"वहिनी, मागच्या गेटाला कुलूप हाय. किल्ली कुनाकडं?"

"माझ्याकडे. का गं?"

"लावनी हाय न्हवं आज. सावड आलीय. रोप उपटून झालं, पाट्या डोक्याव हायेत."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. चार घरच्या अकरा बायका पहाटेपासून वाकून रोपं उपटत होत्या. उपटलेलं रोप थांबत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी त्या बायका दुसऱ्याच्या शेतात जाणार होत्या; नानांची पाळी आजचीच.

"अगं, पण पलीकडून जा ना, ओढ्याच्या बाजूनं."

"ओढ्याला कमरेएवडं पानी हाय, वहिनी."

मी बसमधून उतरले. छत्री उलटी झाली, ती मिटून हातात घेतली आणि चालत सुटले. पाऊण तासाची वाट. त्या वाटेत मी मनाशी उत्तरं जुळवत होते : पोल घेतला होता, सगळ्यांना कळवलं होतं, तुम्हीच हो म्हणालात. सगळं माझ्याकडे लेखी होतं.

गेटाशी पोचले तर बायका भिंतीच्या कडेनं पाट्या उतरवून बसलेल्या. सुकू नयेत म्हणून रोपांवर ओली पोती टाकली होती. वॉचमन हातोडा घेऊन उभा होता. पण नानांनी त्याला अडवून धरलं होतं. "तोडायचं न्हाई. बाईंनी लावलंय, बाईच काढतील." त्यांच्या डोक्यावरून पाणी वाहत होतं.

मी कुलूप काढलं.  बायका पाट्या डोक्यावर घेऊन पलीकडे गेल्या.  शेवटी ठकूआत्या, सावडीतली सगळ्यांत म्हातारी, माझ्याजवळ थांबली. "मोबाईलनं गेट लावता व्हय? मग लावनी बी मोबाईलनंच करा की."

नाना मागे राहिले. रागावले नव्हते, गोंधळले होते.

"बाई, समद्यांनी 'चालंल' म्हनलं हुतं न्हवं? मी बी दाबलं, चालंल म्हनून. मग गेट चालंना का?"

मी फोन काढून पोल पुन्हा वाचला.  मी विचारलं होतं : मागचं गेट, चालेल? नानांनी सरळ वाचलं होतं. मागचं गेट चालेल. चालू राहील. त्यांनी आपल्या वाटेला मत दिलं होतं आणि मी त्याच मताच्या जोरावर त्यांची वाट बंद केली होती.

आणि वानखडे काका! ते कुठे उलटं बोलले होते? गेट आता चालणार नाही, बंद करा, असंच तर त्यांनी दाबलं होतं. अडतीसातले किती जण नानांसारखे आणि किती पल्लवीसारखे, देव जाणे. एक्केचाळीस जणांनी मत दिलं होतं आणि एकाही गोष्टीवर कुणाचं एकमत झालेलं नव्हतं. माझ्या इतिवृत्तात मात्र प्रचंड बहुमत होतं.

त्या दिवशी मी रजा टाकली. चप्पल काढून बांधावर बसून राहिले. भाताच्या रोपाचा वास मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून घेतला : ओलं गवत, गाळ आणि त्यात इंद्रायणी तांदळाची अगदी पुसट चाहूल. बायका मागे मागे सरकत रोपं टोचत होत्या. बोटं चिखलात जायची, यायची, 'चुळुक' आवाज व्हायचा. मोकळ्या खाचरातलं इमारतीचं प्रतिबिंब ओळीओळीनं हिरवं होत गेलं. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्याही हातावर आली. मी सगळ्यांना घडलेला प्रकार सांगितला, पोल वाचून दाखवला. ठकूआत्याला हसू आवरेना. "आगं बया, 'चालंल' इचारती ही! माजा म्हातारा धा वरीस 'चालंल, चालंल' म्हनायचा, आन जाग्यावरनं हलायचा न्हाई!"

मी नानांना विचारलं, "तुमचं कसं ठरतं मग? चार घरं, आधी कुणाचं लावायचं? मतं घेता?"

"मतं कशाला? मत इचारलं तर जो तो म्हननार, माजं आदी. आमी अडचन इचारतो. कुनाचं रोप जून झालंय, कुनाचं पानी वसरतंय, कुनाच्या घरी बाळंतीन हाय. ज्येची अडचन मोठी त्येचं आदी. मग कुनी कुरकुर करत न्हाई."

"आणि दोघांची सारखीच मोठी असेल तर?"

"मग बसायचं बोलत. न्हाईतर चिखलात उबं ऱ्हायाचं, दोघं बी."

मी पर्समधून वही काढली. ओली झाली होती, तरी लिहिलं : अडचण विचारायची.

घरी जाऊन कपडे बदलायच्या आधी मी ग्रुपवर चूक कबूल केली. पोल रद्द, इतिवृत्त रद्द, शब्द माझा चुकला. मग सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता केला. घर क्रमांक आणि पुढे दोन रिकामे रकाने : गेट उघडं राहिलं तर तुमची अडचण काय? बंद राहिलं तर काय? हो-नाही ठेवलंच नाही. ज्यांना टाईप करायचा कंटाळा त्यांनी बोलून पाठवावं.

दोन दिवस तो तक्ता भरत होता. ऑफिसात एका डोळ्यानं मी तेच बघत होते. वानखडे काकांनी तीन परिच्छेद लिहिले : भटकी कुत्री, साप, परकी माणसं, पुन्हा कुत्री. कुणाला मागे सकाळी फिरायला जायचं होतं. पल्लवीच्या पहिल्या रकान्यात एकच शब्द होता. इरा. दुसरा रकाना तिनं कोराच ठेवला होता. नानांनी बोलून पाठवलं. त्यात आधी बराच वेळ कोंबड्यांचा आवाज, संगीताचं "बोला की, चालू झालंय", आणि मग, "माजी अडचन येवडीच, डोक्याव पाटी आसली की हात मोकळं नस्त्यात."

ते ऐकून पल्लवी माझ्याकडे वर आली. दारातच उभी राहिली.

"काकू, मला वाटलं होतं नानांना काहीच वाटत नाही. विहीर त्यांची, शेत त्यांचं, आणि 'चालेल' दाबून मोकळे."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"हात मोकळे नसतात म्हणजे त्यांना कडी नकोच. आणि मला तर कडी हवी, इराच्या हाताला न येणारी."

हे तिनं खाली जाऊन तक्त्यातच लिहिलं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, स्प्रिंग लावा, गेट आपोआप मिटेल. त्याखाली, कडी उंचावर ठेवा. मग कुणीतरी, लावणी एकच दिवस असते, तेवढा दिवस गेट उघडं ठेवून आपल्यापैकी कुणीतरी तिथं बसायला काय हरकत आहे? मी यातलं एकही सुचवलं नव्हतं. मी फक्त सगळं एका जागी आणलं आणि विचारलं, अशी व्यवस्था केली तर कुणाची अडचण उरते का?

वानखडे काकांची उरली. कडी चार नव्हे, पाच फुटांवर. केली. मग एकेका घरापुढे 'अडचण नाही' यायला लागलं. पल्लवीचं सर्वांत शेवटी आलं. ते आलं तेव्हा मी भाजीबाजारात होते. हातातली मेथी तशीच धरून उभी राहिले. अडतीस विरुद्ध तीनचं सुख या सुखापुढे अगदीच पोरकट होतं. कुणीच जिंकलेलं नव्हतं आणि मला मान वर करून खाली पार्किंगमध्ये जाता येणार होतं.

पुढच्या आठवड्यात नानांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. ती कुणी मागितली नव्हती. माझ्या कुठल्याच यादीत नव्हती.

तेव्हापासून लावणीच्या आदल्या दिवशी नाना स्वतःच ग्रुपवर बोलून पाठवतात : "उद्या लावनी. गेट उगडं ऱ्हाईल. कुनाची अडचन?" आणि मी पाळ्यांचा तक्ता टाकते. तासाला एक नाव. यंदा तो सात मिनिटांत भरला. आपली मुलगी रिहे गावातल्या फार्महाऊसवर पैसे भरून लावणी बघायला जाते, तिला आता इथंच बसवीन, असं एकीनं लिहिलं. वानखडे काका स्वतःची खुर्ची आणतात आणि कुत्र्यांकडे लक्ष ठेवतात. ऑफिसातही मी आता 'कुणाला मान्य आहे' असं विचारत नाही. 'कुणाचं काय अडतंय' असं विचारते. बैठका लांबतात. पण ठरलेलं पुन्हा काढावं लागत नाही.

तरी पोल मी सोडलेला नाही. मंडपाचा रंग कुठला, याला पोलच बरा. फक्त पाठवण्याआधी एकदा खाली जाते आणि संगीताला वाचून दाखवते.

आज सहा ते सात पल्लवीची पाळी, सात ते आठ माझी. चहा एका घोटात संपवून मी खाली गेले. पल्लवी स्टुलावर बसली होती. इरा, आता सात वर्षांची, गेटाशेजारी टाचा उंचावून कडीपर्यंत हात पोचतो का बघत होती. चार बोटं कमी पडतात. पुढच्या वर्षी पोचेल. तक्ता पुन्हा उघडावा लागेल, तर उघडू.

"काकू, तुमचा तास," पल्लवी म्हणाली आणि स्टूल मोकळं केलं.

पार्किंगमधून नाना येताना दिसले. पाटी आता ते उचलत नाहीत. हातात रोपांची एकच जुडी होती, पहिल्या ओळीची, ती लावायचा मान त्यांचा. हात तसे मोकळे होते आणि गेट तर उघडंच होतं, मी धरून उभी होते. तरी ते उंबऱ्याशी थांबले. दर वर्षी थांबतात.

"बाई," चेहरा अगदी गंभीर ठेवून त्यांनी विचारलं, "चालंल का?"

"चाला, नाना," मी म्हटलं.